अपडेट झालं, पण लागू कधी होतं?

(आज्ञा या पानावर देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून देण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं काम पाहते. तिथे दोन लॅपटॉप आहेत, दोन्हींवर लिनक्स मिंट. देवघेव आणि सभासदांची वर्गणी लिब्रेऑफिसमध्ये नोंदवतो. पूर्वी विंडोज होतं तेव्हा अपडेट झालं की ‘रीस्टार्ट करा’ म्हणून संगणक मागेच लागायचा. आता ढालीच्या चिन्हावर क्लिक करायचं, पासवर्ड द्यायचा, संपलं. काम चालूच राहतं. माझा भाचा म्हणतो, ‘मावशी, लिनक्सला रीस्टार्ट लागतच नाही.’ पण परवा अपडेटच्या यादीत कर्नलचा आकडा ६.८.०-५२ होता, आणि सिस्टिमच्या माहितीत अजून ६.८.०-५१ च दिसतोय. मग ते अपडेट गेलं कुठे? रात्री आम्ही झाकण मिटवतो, सकाळी उघडतो. शिवाय अपडेटनंतर कधी कधी फायरफॉक्स नवी टॅब उघडत नाही, आधी मला पुन्हा सुरू करा म्हणतं. हे काय आहे?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नमस्कार. तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवून पाहिलेत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण ‘अपडेट यशस्वी’ वाचून खिडकी बंद करतात. तुमचं अपडेट कुठेही गेलेलं नाही. ते डिस्कवर व्यवस्थित उतरलंय. पण संगणक चालतो तो मेमरीत, आणि मेमरीत अजून जुनाच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आहे.

हे कसं घडतं ते तुमच्या वाचनालयातच बसून पाहू. एखाद्या पुस्तकाची जुनी प्रत सभासदाने घरी नेली आहे. दरम्यान नवी आवृत्ती आली. तुम्ही जुन्या प्रतीची नोंद रद्द केलीत आणि त्याच नावापुढे नव्या प्रतीचा दाखलअंक लिहिलात. आता जो कोणी ते नाव सांगून पुस्तक मागेल त्याला नवी आवृत्ती मिळेल. पण घरी बसलेला सभासद जुनीच प्रत वाचतोय, आणि त्याचं वाचन जराही थांबलेलं नाही. त्याने ती परत आणली की मगच ती रद्दीत जाईल.

लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि प्रत्यक्ष फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष फाइलला एक क्रमांक असतो, त्याला आयनोड म्हणतात. नाव हे त्या क्रमांकाकडे बोट दाखवतं, एवढंच. मिंट, उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांमध्ये पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमच्या फायलींचा गठ्ठा, बसवण्याचं काम डीपीकेजी करतं. ते जुन्या फाइलवर लिहीत नाही. नवी फाइल शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण उतरवतं आणि मग एका झटक्यात तिला मूळ नाव देतं. त्या क्षणानंतर जो प्रोग्रॅम ती फाइल उघडेल त्याला नवी मिळते. ज्याने आधीच उघडली आहे त्याच्या हातात जुनी राहते, आणि तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत डिस्कवरची तिची जागासुद्धा मोकळी होत नाही.

विंडोजमध्ये वापरात असलेली फाइल बहुधा कुलूपबंद असते. ती बदलायची तर ‘पुढच्या वेळी सुरू होताना बदल’ अशी नोंद करून ठेवावी लागते, म्हणून तो आग्रह. लिनक्सला तशी गरज पडत नाही, आणि तुमच्या भाच्याचं म्हणणं तिथपर्यंत खरं आहे. त्यांना माझा निरोप सांगा : अपडेट *बसवायला* रीस्टार्ट लागत नाही, *लागू व्हायला* मात्र काही ना काही पुन्हा सुरू व्हावंच लागतं. काय सुरू करायचं, ते काय बदललं त्यावर ठरतं.

लिब्रेऑफिस बदललं असेल, तर त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडल्या की काम झालं. एखादी खिडकी उघडी राहिली तर मात्र जुनंच चालत राहील, कारण सगळ्या खिडक्या मिळून तो एकच चालू प्रोग्रॅम असतो.

फायरफॉक्सचा प्रकार जरा निराळा. तो एकसंध नसतो. मुख्य प्रोग्रॅम एक आणि टॅब चालवणाऱ्या प्रोसेस, म्हणजे त्याचे स्वतंत्र चालणारे भाग, वेगळ्या. तुम्ही नवी टॅब मागता तेव्हा त्याला नवी प्रोसेस सुरू करावी लागू शकते, आणि तिच्यासाठी तो डिस्ककडे जातो. तिथे आता पुढची आवृत्ती बसलेली असते. मुख्य प्रोग्रॅम जुना, टॅबची प्रोसेस नवी, अशी जोडी चालवणं धोक्याचं, म्हणून तो थांबतो आणि पुन्हा सुरू करायला सांगतो. हा बिघाड नाही, त्याने दाखवलेली सावधगिरी आहे. त्याच पानावरचं बटण दाबलंत तर उघड्या टॅब परत येतात. खाजगी खिडकीतल्या येत नाहीत, आणि अर्धवट भरलेल्या सरकारी अर्जाची तर मी कधीच खात्री धरणार नाही. म्हणून अनुदानाचा किंवा कुठलाही ऑनलाइन अर्ज भरायला बसण्याआधी ढालीवर क्लिक करू नका. अर्ज पाठवून पावती जपून ठेवलीत की मग खुशाल करा.

डेस्कटॉप, म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या चौकटी, हे मिंटमध्ये बहुधा सिनॅमन सांभाळतं. ते बदललं असेल तर लॉगआउट करून परत आत या.

आता कर्नल. हा सगळ्यांच्या तळाशी असतो आणि संगणक सुरू होताना एकदाच मेमरीत चढतो. नवा कर्नल जुन्यावर बसत नाही. बूट नावाच्या फोल्डरमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसतो. त्यामुळे ५१ आणि ५२ दोन्ही तुमच्या डिस्कवर आहेत, आणि चालतोय ५१. टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’ लिहून एंटर दाबा, चालू कर्नलचा आकडा दिसेल. रीस्टार्ट केल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्या, ५२ दिसायला हवा. नव्याने काही बिघडलंच, वाय-फाय गेलं म्हणा, तर सुरू होताना एस्केप (जुन्या यंत्रांवर शिफ्ट) दाबून ग्रबचा (कोणता कर्नल चढवायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू उघडायचा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ५१ निवडायचा. परतीची वाट असते, म्हणून कर्नलच्या अपडेटला घाबरून ते टाळत बसू नका.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य झाकणाबद्दलचं आहे. झाकण मिटल्याने संगणक बंद होत नाही, झोपतो. मेमरी जशीच्या तशी जिवंत राहते आणि सकाळी तोच जुना कर्नल डोळे उघडतो. हायबरनेट केलंत तरी तेच, कारण तिथे मेमरीची नक्कल डिस्कवर ठेवून परत आणली जाते. ‘अपटाइम -एस’ ही आज्ञा देऊन पाहा. संगणक शेवटचा खरोखर कधी सुरू झाला ती तारीख आणि वेळ ती सांगते. अनेकांना तिथली तारीख बघून धक्का बसतो. आणि विंडोजवरून आलेल्यांसाठी एक गोष्ट : तिकडे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शटडाउन’ने कर्नल पुरता बंद होत नाही, ‘रीस्टार्ट’ने होतो. लिनक्समध्ये हा भेद नाही. बंद करून सकाळी चालू करणं हेच रीस्टार्ट.

संगणकाला स्वतःला रीस्टार्ट हवंय का, हे विचारायची सोयही आहे. मिंट आणि उबुंटूमध्ये कर्नलसारखं काही बदललं की रन नावाच्या फोल्डरमध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची छोटी फाइल तयार होते, आणि तिच्या शेजारच्या दुसऱ्या फाइलीत कोणत्या पॅकेजांमुळे हे लागतंय त्यांची नावं असतात. मिंटचा अपडेट मॅनेजर तीच फाइल पाहून वर पट्टी दाखवतो. मला यातली एक गोष्ट फार आवडते. ते फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असतं. त्यामुळे रीस्टार्ट होताच ती खूण आपोआप जाते, कोणाला पुसावी लागत नाही.

कर्नलखेरीज आणखी दोन-तीन गोष्टींना रीस्टार्ट हाच सरळ मार्ग. एक म्हणजे मूळ सी लायब्ररी, जी जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम वापरतो. (इथे लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सामाईक लागणारा तयार कोड.) एकेक प्रोग्रॅम शोधून बंद करण्यात अर्थ नाही. दुसरं प्रोसेसरचं मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या तेव्हापासून हे नाव अपडेटच्या यादीत बऱ्याच जणांच्या नजरेला पडू लागलं. ते संगणक सुरू होताना, अगदी आरंभी चढवलं जातं. यूईएफआय फर्मवेअरचं, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेटही रीस्टार्टच्या वेळीच लिहिलं जातं, आणि तेव्हा चार्जर लावलेला असावा.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक-कक्षाची व्यवस्था पाहते. तिथे नियम एकच : आठवड्याचं शेवटचं प्रात्यक्षिक संपलं की अपडेट, लगेच रीस्टार्ट, आणि मगच कुलूप. तुम्ही साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हे करा. देवघेवीची फाइल बंद, पेनड्राइव्हवर प्रत, अपडेट, मग ‘शटडाउन’. पुढे वाचनालय उघडाल तेव्हा सगळं नवं चालू असेल, आणि एखादी अडचण आलीच तर ती खिडकीशी सभासदांची रांग असताना येणार नाही.

प्रश्न : मी व्हिडिओ एडिटिंग शिकतो. उबुंटू, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. काल रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार करण्याचं काम) चालू असताना मागे अपडेट झालं. चालू रेंडर नीट पूर्ण झालं, पण दुसरं सुरू केलं तर कार्डच सापडेना. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ दिलं तर ड्रायव्हर आणि लायब्ररीच्या आवृत्त्या जुळत नाहीत असं आलं. कार्ड गेलं का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे. या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक कर्नलमध्ये चढलेलं मॉड्यूल, दुसरा डिस्कवरच्या लायब्ररी, ज्या प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना उचलतो. अपडेटने लायब्ररी बदलल्या, मॉड्यूल मात्र मेमरीत जुनंच राहिलं. पहिल्या रेंडरने जुन्या लायब्ररी आधीच उचलल्या होत्या म्हणून ते तडीस गेलं. दुसऱ्याने नव्या उचलल्या आणि दोघांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते, ती जुळली नाही. रीस्टार्ट करा, बस.

रात्रभराचं काम लावणार असाल तर आधी अपडेट आणि रीस्टार्ट उरकून घ्या, आणि ‘एपीटी-मार्क होल्ड’ने ड्रायव्हरचं पॅकेज तेवढ्यापुरतं रोखून धरा. काम झालं की ‘अनहोल्ड’ करायला विसरू नका. रोखलेल्या पॅकेजला सुरक्षेची दुरुस्तीही मिळत नाही.

प्रश्न : ताई, आमचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. बिलिंगसाठी मागच्या खोलीत उबुंटू सर्व्हर २२.०४ ठेवलाय, त्यावर एनजिनएक्स (वेबसर्व्हर) आणि मारियाडीबी (डेटाबेस). अपडेट केलं की शेवटी जांभळट पडदा येतो आणि कोणत्या सर्व्हिस (मागे सतत चालणारे प्रोग्रॅम) पुन्हा सुरू करायच्या ते विचारतो. हंगामात काउंटर थांबेल या भीतीने मी दर वेळी ‘कॅन्सल’ करतो. सर्व्हर एकदाही बंद केलेला नाही, सगळं उत्तम चालतंय. काही नुकसान आहे का?
— एक दुकानदार, पुणे जिल्हा

उत्तर : नुकसान आहे, आणि ते दिसत नाही म्हणूनच जास्त काळजीचं आहे. ‘कॅन्सल’ केल्याने अपडेट रद्द होत नाही. डिस्कवर दुरुस्त लायब्ररी आणि मेमरीत त्रुटी असलेली जुनी, अशी स्थिती तशीच राहते. तुम्ही पॅकेजांची यादी तपासाल तर सगळं अद्ययावत दिसेल. हल्लेखोराला मात्र तुमची यादी दिसत नाही. तो चालू असलेल्या प्रोग्रॅमशी बोलतो.

हा पडदा ‘नीडरीस्टार्ट’ नावाच्या प्रोग्रॅमचा आहे. तो चालू प्रोसेस एकेक करून तपासतो आणि कोणाच्या हातात पुसली गेलेली, जुनी फाइल आहे ते शोधतो. एखाद्या सर्व्हिसचं स्वतःचं पॅकेज बदललं, उदाहरणार्थ मारियाडीबीचं, तर बहुतेक वेळा पॅकेजच ती सर्व्हिस पुन्हा सुरू करतं. प्रश्न येतो तो लायब्ररी बदलते तेव्हा. ओपनएसएसएल (जोडणी गुप्त ठेवणारी लायब्ररी) बदललं, पण ते वापरणाऱ्या एनजिनएक्सला कोणी सांगितलंच नाही. डेबियन किंवा उबुंटूच्या अशा सर्व्हरवर हे काम नीडरीस्टार्ट करतं. फेडोरा आणि रेड हॅटकडे ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ आहे, ओपनसुसेकडे ‘झिपर पीएस’.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१४चं. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये ती होती, १.०.१जी मध्ये दुरुस्त झाली. बाहेरचा कोणीही एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीचा ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा उचलू शकत होता, पुन्हा पुन्हा, आणि त्या तुकड्यात पासवर्ड असू शकत, सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा. दुरुस्त पॅकेज झटपट उपलब्ध झालं. पण ते बसवून जो वेबसर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, तो त्यानंतरही तसाच उघडा होता. माझ्या दृष्टीने ‘लागू झालं का?’ हा प्रश्न त्या एप्रिलपासून ‘बसलं का?’ या प्रश्नाइतकाच मोठा झाला.

तुमच्याकडे एनजिनएक्स आहे म्हणून हे मुद्दाम सांगते : ‘रीलोड’ पुरेसं नाही. रीलोडने सेटिंग पुन्हा वाचली जातात आणि नवे कामकरी प्रोसेस तयार होतात, पण ते त्याच जुन्या मुख्य प्रोसेसच्या पोटातून. जुनी लायब्ररी त्यांच्याबरोबर येते. ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट’च द्यायला हवं. त्याला तुमच्या यंत्रावर क्षण-दोन क्षण लागतील. मारियाडीबीला थोडा अधिक वेळ, आणि तेव्हा चालू जोडण्या तुटतात, म्हणून ते काउंटर बंद झाल्यावर करा. एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये जाण्याची, सर्व्हिस पुन्हा सुरू केली तर आपण बाहेर फेकले जाऊ अशी भीती असते. तसं होत नाही, चालू जोडणी टिकते. तरी दुसरी खिडकी उघडून नव्याने आत जाता येतंय हे पाहूनच पहिली बंद करा.

पडद्यावर काही नावांपुढे खूण नसते, डीबस आणि सिस्टिमडी-लॉगिनडी ही त्यांतली. ती चालत्या यंत्रावर पुन्हा सुरू केली तर इतर गोष्टी कोलमडू शकतात, म्हणून तो स्वतःहून सुचवत नाही. त्यांच्यासाठी पूर्ण रीबूट. आवृत्ती २४.०४ मध्ये हा प्रश्न न विचारता सर्व्हिस आपोआप पुन्हा सुरू होतात, तेव्हा पुढे श्रेणीवाढ केलीत तर अपडेटची वेळ आधीपासून काउंटरबाहेरची ठेवा.

‘सर्व्हर एकदाही बंद केलेला नाही’ हे तुम्ही आनंदाने लिहिलंय, पण मला त्याचीच धास्ती वाटते. उबुंटूमध्ये ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ सुरक्षेची अपडेट रोज आपोआप बसवत असतं, पण मुळातल्या सेटिंगप्रमाणे रीबूट करत नाही. म्हणजे तुमच्या बूट फोल्डरमध्ये दुरुस्त कर्नल येऊन पडलेत आणि चालतोय तो पहिल्या दिवशीचा. मार्च २०२२मध्ये डर्टी पाइप नावाची कर्नलमधली त्रुटी जाहीर झाली. साधा वापरकर्ता तिच्यातून रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. दुरुस्ती नव्या कर्नलमध्ये होती, आणि नवा कर्नल चढतो रीबूटने.

‘ऑटोमॅटिक-रीबूट’ हे सेटिंग चालू करून वेळ पहाटेची देता येते. गरज असेल तेव्हाच ते रीबूट करतं. पण आधी एकदा तुमच्या डोळ्यांसमोर रीबूट करून बघा. सगळ्या सर्व्हिस आपणहून उठतात का, बिल निघतं का, प्रिंटर लागतो का. ही परीक्षा हंगाम सुरू होण्याच्या आधीच्या शांत आठवड्यात घ्यायची, पेरणीच्या तोंडावर नाही.

लाइव्हपॅचबद्दल तुम्ही ऐकलं असेल. रेड हॅटचं केपॅच आणि सुसेचं केग्राफ्ट ही दोन्ही २०१४ची, आणि २०१५मध्ये लिनक्स ४.० मध्ये त्यांचा सामाईक पाया कर्नलमध्येच आला. चालू कर्नलमधल्या दोषी फंक्शनकडे जाणारी वाट मेमरीतच नव्या फंक्शनकडे वळवली जाते, रीबूट न करता. उबुंटू प्रोमध्ये ही सोय आहे, वैयक्तिक खात्यावर पाच यंत्रांपर्यंत मोफत. जरूर घ्या. पण ती निवडक, गंभीर त्रुटींपुरती असते, आणि फक्त कर्नलपुरती. तिने ओपनएसएसएल बदलत नाही, मारियाडीबी बदलत नाही. रीबूट सोयीच्या दिवसापर्यंत पुढे ढकलायला तिचा उपयोग करा, कायमचं टाळायला नको.

प्रश्न : उबुंटूत ‘फायरफॉक्सचं अपडेट प्रलंबित आहे, बंद करा’ असा निरोप सारखा येतो. बंद करून लगेच उघडलं तरी परत तोच. काय करावं?
— एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : २२.०४ पासून उबुंटूत फायरफॉक्स फक्त स्नॅप या प्रकारच्या पॅकेजात येतं. स्नॅप दिवसातून चारदा नवी आवृत्ती पाहतं, पण प्रोग्रॅम चालू असेल तर ती लागू न करता थांबतं. हे थांबणं साधारण १४ दिवसांपर्यंत, नंतर ते वाट पाहत नाही. तुम्ही बंद करून लगेच उघडता, त्यामुळे त्याला मधे बदलायला अवसरच मिळत नाही. फायरफॉक्स पूर्ण बंद करा, टर्मिनलमध्ये ‘सुडो स्नॅप रिफ्रेश फायरफॉक्स’ द्या, ते पूर्ण होऊ द्या आणि मग उघडा. नवी आवृत्ती पटली नाही तर ‘सुडो स्नॅप रिव्हर्ट फायरफॉक्स’ने मागची परत मिळते, कारण स्नॅप ती जपून ठेवतं.